व्हिक्टोरियन राजघराण्यातल्या प्रेमकथा: कथानक कुठे टिकतं, कुठे कोसळतं

तांबडी शाई (धागाकर्ती)

राजपुत्र आणि सामान्य मुलगी, किंवा राजकन्या आणि तिच्याहून खालच्या दर्जाचा सरदार, काळ व्हिक्टोरिया राणीचा. या साच्याच्या कादंबऱ्या इंग्रजीत ढिगानं आहेत, आणि आता मराठी लेखनाच्या ॲपांवरही दिसू लागल्या आहेत. बहुतेकांत प्रेमिकांच्या आड येते ती खाष्ट आई, मत्सरी बहीण, नाहीतर ‘लोक काय म्हणतील’. खऱ्या राजघराण्यात आड यायचा तो सरळ कायदा. तो माहीत असला की कथानकाला आपोआप ताण मिळतो. माहीत नसला तर शेवटच्या प्रकरणातलं लग्नच रद्दबातल असतं आणि लेखकाला त्याचा पत्ताही नसतो.

सुरुवात १७७२च्या राजविवाह कायद्यापासून. तिसऱ्या जॉर्जच्या भावानं, कंबरलंडच्या ड्यूकनं, १७७१ मध्ये ॲन हॉर्टन या विधवेशी परस्पर लग्न लावलं. राजा भडकला आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. दुसऱ्या जॉर्जच्या वंशजांपैकी कुणीही राजाच्या संमतीशिवाय लग्न केलं तर ते लग्नच नव्हे (हा कायदा २०१५ मध्ये रद्द झाला). परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांची संतती तेवढी यातून वगळली होती.

इथे लेखकांचा पाय घसरतो तो ‘संमती’पाशी. राणीनं मान डोलावली, डोळे पुसत आशीर्वाद दिला, एखादं प्रेमळ पत्र लिहिलं, यातलं काहीच कायद्याला चालत नाही. संमती राजमुद्रेखाली द्यायची, प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळात, जाहीर करायची, कौन्सिलच्या वहीत तिची नोंद व्हायची आणि विवाहाच्या परवान्यातही ती उतरवायची. म्हणजे मंत्र्यांना कळल्याशिवाय राणीलाही गुपचूप हो म्हणता येत नाही.

दुसरं कलम कादंबरीकारांनी फारसं वापरलेलं नाही, याचं नवल वाटतं. वय २५च्या पुढे असेल तर राजा नाही म्हणाला तरी प्रिव्ही कौन्सिलला नोटीस देता येते. मग १२ महिने थांबायचं. तेवढ्या काळात पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी नापसंती नोंदवली नाही, तर लग्न करायला मोकळीक. नायक २४ वर्षं ८ महिन्यांचा आहे असं धरा आणि बघा काय होतं: चार महिने वाट, मग नोटीस, मग वर्षभर सगळ्या लंडनला ठाऊक असलेली उघडी गोष्ट, वर्तमानपत्रं, खासदारांच्या गाठीभेटी.

तिसरं कलम तर दुष्टच आहे. असं लग्न लावणारा, लावायला मदत करणारा, किंवा ठाऊक असून हजर राहणारा यांची मालमत्ता जप्त, वर राजाची मर्जी असेतो कैद. मध्यरात्री चर्च उघडून देणारा भोळा पाद्री आणि साक्षीला उभी राहिलेली मोलकरीण आपण कादंबऱ्यांत हसत हसत वाचतो. त्यांच्या डोक्यावर हे टांगलेलं असायचं.

बाकीच्यांनी भर घालावी.

कलमकसई

माझ्याकडे एक कथानक आहे, त्याची चिरफाड करा. दया नको.

साल १८६५. काल्पनिक राजपुत्र, राणीचा चुलतभाऊ, वय २४. प्रेम एका खेड्यातल्या पाद्र्याच्या मुलीवर. राणी नाही म्हणते. दोघं रातोरात आगगाडीनं ग्रेटना ग्रीनला पळतात, लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लावतो. मग राजपुत्र आपली ड्यूकची पदवी सोडून देतो आणि दोघं कॉटेजमध्ये सुखानं राहतात.

दुय्यम निबंधक

आधी ग्रेटना ग्रीन. १७५३च्या हार्डविक कायद्यानं इंग्लंडमध्ये चर्च, परवाना किंवा तीन रविवार पुकारा, हे बंधन घातलं. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ एवढं म्हटलं तरी भागायचं, म्हणून सीमेवरचं पहिलं गाव प्रसिद्धीला आलं. पण १८५६ मध्ये लॉर्ड ब्रूमचा कायदा आला आणि १ जानेवारी १८५७ पासून दोघांपैकी एकाचं तरी स्कॉटलंडमध्ये आधी २१ दिवस वास्तव्य हवं अशी अट झाली. तुमचं जोडपं १८६५ मध्ये पहाटे उतरून न्याहारीच्या आधी लग्न लावतंय. ते लग्न इंग्लंडहून पळालेल्या एखाद्या साध्या जोडप्याचं असतं तरी चाललं नसतं.

खरं तर २१ दिवस हा तोटा नाहीच. सीमेपलीकडे खोटं नाव घेऊन तीन आठवडे लपायचं, मागे तपास लागलेला, हातातले पैसे संपत आलेले. हे एका रात्रीच्या पळापळीपेक्षा चांगलं कथानक आहे.

आता राजपुत्राचं. त्यानं स्कॉटलंड गाठलं काय किंवा रोम, १७७२चा कायदा त्याच्या मागोमाग येतो. याचा निकालही उपलब्ध आहे. तिसऱ्या जॉर्जचा मुलगा ऑगस्टस, पुढे ससेक्सचा ड्यूक, यानं ४ एप्रिल १७९३ला रोममध्ये लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी गुपचूप लग्न केलं. शंका नको म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्जेस, हॅनोव्हर स्क्वेअर इथे पुन्हा केलं. १७९४ मध्ये ते रद्द ठरलं. ड्यूक १८४३ मध्ये वारला, तेव्हा मुलानं पदवीवर दावा लावला. वकिलांचा युक्तिवाद असा, की रोममधल्या लग्नाला इंग्लंडचा कायदा कसा लागेल? १८४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, लागतो. मुलगा हरला. म्हणून १८४४ नंतरच्या कथेत ‘आपण परदेशी जाऊन लग्न करू’ असं नायक म्हणाला, तर निदान त्याच्या वकिलानं तरी कपाळाला हात लावायला हवा.

तांबडी शाई

निबंधकसाहेब, त्याच ड्यूकचा उत्तरार्ध गोड आहे. १८३१च्या सुमाराला त्यानं लेडी सिसिलिया बगिनशी दुसरं लग्न केलं, तेही संमतीशिवायच. तिला ससेक्सची डचेस म्हणवता येईना. पण व्हिक्टोरियाला हा काका प्रिय, लग्नात तिचा हात यानंच अल्बर्टच्या हाती दिला. त्याच वर्षी, १८४० मध्ये, राणीनं सिसिलियाला तिच्या स्वतःच्या नावावर इन्व्हर्नेसची डचेस केलं. लग्न मान्य नाही, बाईला मान आहे. अशा तडजोडी राणीच्या हातात होत्या, आणि सुखान्त हवा असेल तर तो अशाच फटीतून काढावा लागतो.

कलमकसई, तुमच्या राजपुत्राचं खरं रूप केंब्रिजचा जॉर्ज. राणीचा सख्खा चुलतभाऊ, जन्म १८१९चाच. त्यानं ८ जानेवारी १८४७ला क्लर्कनवेलच्या सेंट जॉन चर्चमध्ये सारा फेअरब्रदर या नटीशी लग्न लावलं. पळापळ नाही, घोडे नाहीत. लंडनच्याच एका साध्या वस्तीतलं चर्च आणि नोंदवहीत राजपुत्र वगैरे न लावता लिहिलेलं नाव. राणीची संमती मागितलीच नाही, त्यामुळे कायद्यापुढे लग्न शून्य. दोन मुलगे आधीचे, तिसरा लग्नानंतरचा, तिघंही औरसपणाला मुकले आणि फिट्झजॉर्ज हे आडनाव लावत राहिले. ती मेफेअरमध्ये ‘मिसेस फिट्झजॉर्ज’ म्हणून राहिली. दरबारात तिला जागा नव्हती. तो १८५६ ते १८९५ ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती होता, म्हणजे काही कोपऱ्यात पडलेला माणूस नव्हे. ती १८९० मध्ये गेली, तो १९०४ मध्ये. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत दोघं एकत्र आहेत.

पण याला आदर्श प्रेमकथा करायला निघालात तर जपून. लुईझा बोक्लर्क नावाच्या दुसऱ्या बाईशी त्याचं अनेक वर्षं जुळलेलं होतं. कादंबरीकार हे गाळतात. माझ्या मते ठेवावं. नटीच्या बाजूनं लिहिली तर गोष्ट वेगळीच होईल.

जुनाबाजार

पदवी ‘सोडून देणे’ हा प्रकार जवळपास प्रत्येक दुसऱ्या कादंबरीत असतो, आणि तो १९६३ च्या आधी शक्यच नव्हता. वंशपरंपरेची पीअरची (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या सरदाराची) पदवी सोडता येते ती त्या वर्षीच्या कायद्यानं. व्हिक्टोरियन ड्यूक भिकेला लागो, ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखो, मरेपर्यंत ड्यूकच. बापालाही मुलाची पदवी काढून घेता येत नाही. ‘तिच्याशी लग्न केलंस तर ड्यूक होणार नाहीस’ ही धमकी पोकळ आहे. जमीन आणि पैसा यांची धमकी खरी, तीसुद्धा इस्टेट वारसक्रमानं बांधलेली नसेल तरच.

आणखी ठरलेल्या चुका:

अनौरस मुलगा शेवटी ड्यूक निघतो. इंग्लंडमध्ये आईबापांनी नंतर लग्न केलं तरी आधीचं मूल औरस होत नसे, ती सोय १९२६ला आली आणि पदव्यांना तेव्हाही नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा होता, नंतरच्या लग्नानं तिथे मूल औरस व्हायचं. कथेला असा वारस हवाच असेल तर घराणं स्कॉटिश करा.

दत्तक वारस. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तक १९२६च्या आधी नाही. आपल्याकडे दत्तकावरून संस्थानं गेली, त्यामुळे मराठी लेखकाला हे सहज सुचतं. तिथे ते चालत नाही.

बॅरोनेटला, म्हणजे वंशपरंपरेच्या ‘सर’ला, लॉर्ड म्हणणे. बॅरोनेट पीअर नाही, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत नाही, तो ‘सर’ अधिक पहिलं नाव. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय १८४२ला नाइट आणि १८५७ला बॅरोनेट झाले, ते कायम ‘सर जमशेटजी’च. त्याची बायको मात्र लेडी अधिक आडनाव. उलट ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्ल यांच्या मुली लेडी अधिक स्वतःचं नाव. लेडी मेरी आणि लेडी ग्रे यांतल्या फरकावर वाचक बाईचं माहेर ओळखतो. ड्यूकला दर्जा कमी असणारे ‘युअर ग्रेस’ म्हणतात, त्याच्या बरोबरीचे नुसतं ‘ड्यूक’. ‘माय लॉर्ड’ हे मार्क्वेसपासून खाली.

अंजिरी

सगळे चुलत्या-मावशांकडे वळले, मूळ जोडपं राहिलंच. व्हिक्टोरिया आणि अल्बर्टवर लिहिणाऱ्यांसाठी क्रम देते, कारण यात तारखा फार विस्कटतात.

पहिली भेट मे १८३६, ती अजून राणी नाही. सतरावा वाढदिवस त्याच भेटीत. राज्यारोहण २० जून १८३७, राज्याभिषेक २८ जून १८३८. दुसरी भेट ऑक्टोबर १८३९ला विंडसरला, तो १० तारखेला आला, १५ला तिनं विचारलं. पाच दिवस. तिनं विचारलं, कारण राज्य करणाऱ्या राणीला कुणी मागणी घालू शकत नाही. ज्या कादंबऱ्यांत अल्बर्ट गुडघे टेकतो त्यांनी या कथेतला सर्वांत रंगतदार प्रसंग हातानं घालवलेला असतो. २० वर्षांची मुलगी, समोर तेवढ्याच वयाचा मामेभाऊ, आणि नियम असा की तोंड तिनंच उघडायचं. २३ नोव्हेंबरला प्रिव्ही कौन्सिलला सांगितलं, १० फेब्रुवारी १८४०ला सेंट जेम्स राजवाड्याच्या चॅपल रॉयलमध्ये लग्न.

मधल्या तीन महिन्यांत कथेला लागणारा सगळा कडवटपणा आहे. त्याला वर्षाला ५०,००० पौंड द्यावेत असा सरकारचा प्रस्ताव होता, पार्लमेंटनं कापून ३०,००० केले. त्याचा दर्जा ठरवणारं कलमही अडलं. कारण इंग्लंडमध्ये बायको नवऱ्याच्या दर्जावर चढते, नवरा बायकोच्या नाही. शेवटी मार्च १८४०ला राणीनं स्वतःच्या अधिकारात त्याला आपल्या खालोखाल स्थान दिलं. ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ ही पदवी तर १८५७ची. लग्नापासून त्याला प्रिन्स कन्सॉर्ट म्हणणारी कादंबरी १७ वर्षं घाईत आहे.

मधुचंद्राचाही उल्लेख करते. अल्बर्टला विंडसरला जरा जास्त दिवस हवे होते. तिनं पत्रातून बजावलं की मी राज्यकर्ती आहे, कामं कुणासाठी थांबत नाहीत. मिळाले जेमतेम तीन दिवस.

लग्नाचा पोशाख: स्पिटलफील्ड्सचं पांढरं सॅटिन, डेव्हनमध्ये विणलेली हॉनिटन लेस, डोक्यावर मुकुट नाही, संत्र्याच्या फुलांची माळ. आदल्या दिवशी अल्बर्टनं दिलेलं नीलमण्याचं ब्रोच छातीवर. केक सुमारे ३०० पौंड वजनाचा. फोटो नाही! जालावर ‘लग्नाचा फोटो’ म्हणून जो फिरतो तो १८५४चा आहे, लग्नाला १४ वर्षं झाल्यानंतरचा.

आणि तिनं शपथेतला ‘आज्ञेत राहीन’ हा शब्द काढायला नकार दिला, राणी असून. आधुनिक वळणाच्या कादंबऱ्या ते वाक्य गाळतात. मला वाटतं तिथेच ती दोघं कळतात: लग्नात शपथ आज्ञेत राहण्याची, आणि पत्रात मी राज्यकर्ती.

खडूफळा

कायदा कायदा बराच झाला. लिहायला बसल्यावर खरी अडचण वेगळीच येते: या दोघांना एकटं कुठे गाठायचं? व्हिक्टोरिया राणी होईपर्यंत आईच्या खोलीत झोपत होती आणि कुणाचा तरी हात धरल्याशिवाय जिना उतरायची तिला मुभा नव्हती. नाचाच्या वेळी दिवाणखान्यात चारशे डोळे. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात कमरेला लागतो, म्हणून कुमारी राणी वॉल्ट्झ फक्त राजघराण्यातल्याच पुरुषांबरोबर करायची, बाकी सरदारांबरोबर क्वाड्रिल, म्हणजे चार जोड्यांचा नाच. यामुळेच मे १८३९ मध्ये रशियाचा युवराज अलेक्झांडर लंडनला आला तेव्हा ती त्याच्याबरोबर मनसोक्त नाचली आणि चार दिवस पार हरवून गेली. तो रशियाचा वारस, ती इंग्लंडची राणी, पुढे काही होणं शक्यच नव्हतं. अल्बर्टच्या पाच महिने आधीचा हा प्रसंग आहे.

बकिंगहॅमच्या गच्चीवरचे चंद्रप्रकाशातले प्रसंग विसरा. खऱ्या मागण्या कुठे झाल्या ते पाहा. व्हिकी, थोरली राजकन्या, वय १४: सप्टेंबर १८५५, बाल्मोरलजवळच्या डोंगरावर तट्टांवरून जाताना प्रशियाच्या राजपुत्र फ्रिट्झनं तिला पांढरं हेदर, डोंगरी झुडपाचं फूल, खुडून दिलं. लुईझ, चौथी मुलगी: ऑक्टोबर १८७०, बाल्मोरलच्याच परिसरात ग्लासाल्ट शीलहून तळ्याकडे चालताना मार्क्वेस ऑफ लॉर्ननं विचारलं. स्कॉटलंडच्या डोंगरात सोबतीची माणसं मागे पडतात, वाट अरुंद, तट्टू एकामागे एक. घराण्यातल्या तरुणांना एकांत मिळायचा तो तिथे. बाल्मोरल १८४८ला भाड्यानं, १८५२ला खरेदी, नवं घर १८५६ला पुरं झालं. १८४०च्या कथेत त्यांना तिथे पाठवू नका.

लुईझ-लॉर्न जोडी मला इतर सगळ्यांपेक्षा कथेला सोयीची वाटते. राजाच्या मुलीनं प्रजेतल्या माणसाशी केलेल्या लग्नाला अधिकृत मान्यता मिळाल्याचा प्रसंग १५१५ नंतर पहिल्यांदा आला तो २१ मार्च १८७१ला. तो आर्गाइलच्या ड्यूकचा मुलगा, खासदार, तरीही ‘सामान्य’. लग्नानंतर ती हर रॉयल हायनेस, तो लॉर्ड लॉर्नच. जेवायला आत जाताना बायको पुढे, नवरा कितीतरी मागे. हा रोजचा काटा आहे, आणि त्यासाठी खलनायक लागत नाही.

अंजिरी

खडूफळा, +१. एकांतावरून कपड्यांकडे येते, कारण शृंगाराच्या प्रसंगांत लेखक कपडे उतरवतात ते चुकीच्या क्रमानं आणि चुकीच्या दशकातले.

स्कर्टचा घेर धरणारा, तारांचा पिंजरा असलेला क्रिनोलिन १८५६चा. त्याआधी घेर यायचा तो एकावर एक पेटीकोटांनी, त्यातला एखादा घोड्याच्या केसांनी ताठ केलेला. १८४५च्या नायिकेला पिंजरा नको. १८६०च्या नायिकेला बग्गीत नायकाच्या शेजारी चिकटून बसवू नका, तिथे तिसऱ्या माणसाएवढी जागा स्कर्टच खातो. पिंजरा असेल तर मात्र चालणं हलकं होतं, पेटीकोट कमी लागतात, हे विसरतात.

कॉर्सेट, म्हणजे कमर आवळणारी ताठ चोळी: आधीचे पाठीमागून बांधायचे, दासीशिवाय सुटत नाहीत. पुढे मध्यावर दोन पट्ट्या आणि खुंट्यांचा जोड आला, तो साधारण शतकाच्या मध्यानंतर रुळला. मग बाईला नाड्या जरा सैल करून स्वतः काढता येई. चोरून भेटून परतलेल्या नायिकेला दासीला विश्वासात घ्यावं लागतं की नाही, हे कथेचं साल ठरवतं.

जांभळट मॉव्ह रंगाची लाट पर्किन या रसायनज्ञाच्या १८५६च्या शोधानंतरची. जानेवारी १८५८ मध्ये व्हिकीच्या लग्नाला राणीनं तो रंग घातला. (त्याच लग्नानं मेंडेल्सोहनची लग्नाची धून रूढ केली. त्या सकाळचा फोटो काढताना राणी इतकी थरथरत होती की तिचा चेहरा पुसट आलाय.)

दरबारी सादरीकरण दुपारी व्हायचं, रात्री नाही. भर उजेडात उघडे खांदे, झग्याचा लांब शेपटा, केसांत शहामृगाची पांढरी पिसं: उत्तरार्धात विवाहितेला तीन, कुमारिकेला दोन. मुलगी राणीचा हात चुंबते. ती पीअरची मुलगी असेल तर राणी तिचं चुंबन घेते. नाचाचा कार्यक्रम नसतो. मुजरा करून, शेपटा सावरत, पाठ न दाखवता मागे मागे जायचं, एवढंच. पडण्याची भीती खरी.

जुनाबाजार

पत्रांबद्दल दोन ओळी. एक पेनीचं टपाल जानेवारी १८४०चं, तिकीट मे १८४०चं. १८३८च्या प्रेमपत्रावर तिकीट चिकटवू नका. तेव्हा कागदच घडी करून लाखेनं बंद करायचे, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानं द्यायचे. गरीब नायिकेला राजपुत्राचं पत्र सोडवून घ्यायला पैसे नाहीत, हा प्रसंग १८४०च्या आधी सहज होऊ शकतो, नंतर क्वचितच.

आगगाडी: राणीचा पहिला प्रवास १३ जून १८४२, स्लाउ ते पॅडिंग्टन. तार: ऑगस्ट १८४४ला विंडसरला राजपुत्र आल्फ्रेडचा जन्म झाला, ती बातमी तारेनं लंडनला पोचली. म्हणजे १८५०च्या दशकात पळालेल्या जोडप्याच्या पुढे तार पळते.

कलमकसई

माझ्या राजपुत्राचं बहुधा श्राद्धच घालावं लागणार. मग काल्पनिक छोटं राज्य उभं केलं तर? कायदा माझा, राजा माझा.

मुक्काम पोस्ट

चालेल, पण तिथेही पथ्य आहे. १८९०च्या दशकापासून काल्पनिक युरोपीय राज्याचा साचा लोकप्रिय आहे, आणि बहुतेकजण त्याला इंग्लंडसारखंच चालवतात. तुमचं राज्य जर्मन वळणाचं असेल तर तिथे घराण्याचे नियम असतात आणि ‘मॉर्गनॅटिक’ विवाहाची सोय असते: लग्न धर्मानं आणि कायद्यानं पूर्ण खरं, पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही, मुलांना गादी नाही. इंग्लंडमध्ये ही मधली वाटच नाही. तिथे एक तर पूर्ण लग्न किंवा शून्य. ‘राणीनं त्यांना मॉर्गनॅटिक लग्नाची परवानगी दिली’ असं वाक्य व्हिक्टोरियाच्या तोंडी घातलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

नमुना बॅटनबर्ग घराणं. हेसचा राजपुत्र अलेक्झांडर १८५१ मध्ये युलिया हाउके या दरबारातल्या सखीशी असं लग्न करून बसला. तिला आणि मुलांना बॅटनबर्ग हे नाव मिळालं. त्यांचा मुलगा अलेक्झांडर, घरचं नाव सँड्रो, १८७९ मध्ये बल्गेरियाचा सत्ताधारी राजपुत्र (प्रिन्स) म्हणून निवडला गेला. प्रशियाची राजकन्या व्हिक्टोरिया, म्हणजे आपल्या व्हिकीची मुलगी, त्याच्या प्रेमात. आई बाजूनं, आजी म्हणजे इंग्लंडची राणी बाजूनं, विरोधात बिस्मार्क, कारण रशियाला सँड्रो नको होता. १८८६ला त्याची गादी गेली, १८८८ला लग्नाचा विषय पुन्हा पेटला आणि बिस्मार्कनं तो विझवला. १८८९ला सँड्रोनं योहाना लोइझिंगर या ऑपेरा गायिकेशी लग्न केलं आणि काउंट हार्टेनाउ नाव घेतलं.

त्याचा धाकटा भाऊ हेन्री आणि राजकन्या बीट्रिस यांची गोष्ट याच्या उलट. बिस्मार्क नाही, आई आडवी. धाकटी मुलगी लग्न करणार म्हटल्यावर राणीनं १८८४ मध्ये कित्येक महिने तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच टेबलावर, चिठ्ठ्या पाठवून व्यवहार. शेवटी अट घातली की दोघांनी आपल्याजवळच राहायचं. २३ जुलै १८८५ला आइल ऑफ वाइटवर व्हिपिंगहॅमच्या चर्चमध्ये लग्न झालं. घरजावई म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. हेन्रीनं दहा वर्षं काढली, मग पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राज्यावरच्या मोहिमेवर जायची परवानगी मिळवली आणि १८९६ला तापानं जहाजावर वारला.

काल्पनिक राज्य रचताना चार गोष्टी आधी कागदावर घ्या: धर्मपंथ कुठला, गादी निवडून येते की वारशानं, कुठल्या दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेलं आहे, आणि पैसा कोण देतं. नायकाचं लग्न या चारांपैकी एकावर तरी अडायला हवं.

नदीकाठची

हिंदुस्थानी पात्र घ्यायचं तर खोटा महाराजा कशाला? कुर्गच्या पदच्युत राजाची मुलगी गौरम्मा १८५२ मध्ये लंडनला आली, बाप्तिस्मा झाला, राणी स्वतः धर्ममाता झाली आणि तिचं नाव व्हिक्टोरिया गौरम्मा ठेवलं. राणीच्या मनात होतं की तिनं पंजाबच्या दुलीपसिंगाशी लग्न करावं, दोघंही आता ख्रिस्ती. दुलीपसिंगाला ती पसंत नव्हती. तिनं १८६० मध्ये कर्नल जॉन कॅम्पबेलशी लग्न केलं आणि १८६४ मध्ये गेली, विशीतच. त्याच वर्षी दुलीपसिंगानं इजिप्तमध्ये बांबा म्युलरशी लग्न केलं. राणीनं जुळवायला घेतलेली आणि फसलेली ही सोयरीक कादंबरीला पुरून उरेल, फक्त तिला गोड करू नका.

मराठी नजर हवी असेल तर साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी १८४०च्या सुमारापासून १८५३ पर्यंत लंडनमध्येच होते. राणीची पहिली मुलं, १८५१चं प्रदर्शन, सगळं त्यांच्या मुक्कामात झालं. दुरून पाहणारा निवेदक म्हणून असा माणूस तयारच आहे. आणि एक तारीख: व्हिक्टोरिया ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ १८७६च्या कायद्यानं झाली, दिल्ली दरबार १ जानेवारी १८७७चा. १८५८च्या प्रसंगात तिला सम्राज्ञी म्हणू नये.

कलमकसई

ठरलं. इंग्लंडच ठेवतो, साल १८९०, नायक गादीच्या वारसांपैकी, मुलगी कॅथलिक. निबंधक, यात १७७२चा कायदा अडवतो का?

दुय्यम निबंधक

राणी राजी असेल तर तो अडवत नाही. अडवतो १७०१चा गादीच्या वारशाचा कायदा: कॅथलिकाशी लग्न करणारा तेव्हा वारसक्रमातून बाद व्हायचा (हे बंधन २०१५ मध्ये उठलं). लग्न खरं, गादी गेली. मात्र मुलीनं आधीच पंथ बदलला तर लग्नाच्या वेळी ती कॅथलिक उरत नाही, म्हणून सगळं वजन तिच्या निर्णयावर येतं.

हे घडलेलंही आहे, नेमकं तुमच्याच साली. युवराजाचा थोरला मुलगा एडी आणि फ्रान्सच्या पदच्युत घराण्यातली एलेन. ऑगस्ट १८९०ला दोघं बाल्मोरलला राणीसमोर उभे राहिले. राणी विरोधात होती, पण दोघांना पाहून विरघळली. एलेन पंथ सोडायला तयार, तो गादी सोडायला तयार. अडला तो मुलीचा बाप, काउंट ऑफ पॅरिस. त्यानं धर्मांतराला साफ नकार दिला. ती पोप तेराव्या लिओंकडे गेली, त्यांनी बापाचीच बाजू घेतली. डिसेंबर १८९१ला एडीची सोयरीक मेरी ऑफ टेकशी झाली, १४ जानेवारी १८९२ला तो न्यूमोनियानं वारला. मेरीनं जुलै १८९३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाशी लग्न केलं आणि एलेननं १८९५ मध्ये आओस्ताच्या ड्यूकशी.

तुमच्या कथेत बापाला काय करायचं ते आधी ठरवा. तो जिवंत आणि ठाम असेल तर रोमचं प्रकरण लिहावंच लागेल. तो आधीच वारलेला असेल तर मुलीचं वय २१च्या वर ठेवा, म्हणजे पालकाच्या संमतीचा प्रश्न मिटतो आणि निर्णय एकटीचा उरतो. आणि लग्नाची वेळ: चर्चमधली साधी लग्नं १८८६पासून दुपारी तीनपर्यंत चालत, त्याआधी बाराच्या आत. राजघराण्याला ते बंधन नव्हतं, पण नायिकेच्या दासीचं लग्न दाखवणार असाल तर घड्याळ बघा.